संशयाने विणलेली गाळणी

मित्रांनो, गाळणी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येईल. मी त्या घराण्यातली नव्हे. मला ना जाळीची तार आहे, ना धरायला दांडा. मी शब्दांनी विणलेली एक जुनी गाळणी आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या संगणकात माझे घर आहे. जगभरचे डॉक्टर निरनिराळ्या उपचारांचे अभ्यास करतात, ते छापतात, आणि त्या लेखांची प्रचंड भांडारे तयार होतात. त्या भांडारात एखाद्या आजाराचे नाव टाकून पाहा, हजारो लेख अंगावर कोसळतील. त्यांतले थोडे सोन्याचे असतात, बरेच पितळेचे, आणि काही पितळेला सोन्याचा मुलामा दिलेले. हा सगळा ढीग माझ्यात ओततात. ज्या अभ्यासात उपचाराची कसून परीक्षा झाली आहे तेवढाच मी खाली सोडते. बाकीचे वर अडवते.

थोडक्यात, संशय घेणे हाच माझा धंदा आहे. तुमच्याशी कुणी गोड बोलले की तुम्ही खूश होता. माझ्याशी कुणी गोड बोलले की मी मनात म्हणते, याला काय बरे खपवायचे असेल?

माझा जन्म दोन बहिणींच्या भांडणातून झाला. थोरली नुकतीच डॉक्टर होऊन या रुग्णालयात लागली होती आणि धाकटी इथेच ग्रंथपाल होती. धाकटी थोरलीला ताई म्हणे, म्हणून माझ्यासाठीही ती ताईच. धाकटीला मात्र सगळे रुग्णालय शंकाबाई म्हणायचे, आणि ते नाव तिने कमावलेले होते. दूध उतू गेले, तर ते आपोआप गेले की कुणी जाऊ दिले, असा प्रश्न पडणारी ती बाई.

एकदा ताई तणतणत ग्रंथालयात आली. तिच्या वॉर्डात एक औषध वर्षानुवर्षे दिले जात होते. त्याने गुण येतो कशावरून, असे तिने विचारले, तर वरिष्ठांनी आपल्या अनुभवाचा दाखला देऊन तिला गप्प केले होते. तिला पुरावा हवा होता. शंकाबाईने भांडारातून एक लेख काढून दिला. औषध निरुपयोगी आहे असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ताईचा चेहरा खुलला. शंकाबाईने विचारले, "याच्या बरोबर उलट सांगणाराही काढून देऊ का?"

झाले, दोघींची जुंपली. कोणता लेख खरा धरायचा? जो आपल्याला आवडतो तो? की जो मोठ्या मासिकात आला तो? भांडता भांडता दोघी एका जागी येऊन थांबल्या. आधी चांगला अभ्यास कशाला म्हणायचे ते ठरवू, मग तो शोधायचा कसा ते पाहू.

तळघरातल्या वाचनखोलीत जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. कामाच्या वेळेनंतर दोघी तिथे बसू लागल्या आणि एकेक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू लागल्या. दोघी वेगवेगळ्या टेबलांवर बसत आणि आपले मत एकमेकींना कळू देत नसत, कारण शंकाबाईचा स्वतःच्या बहिणीवरही भरवसा नव्हता. मग मते जुळवून पाहत. रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का? डॉक्टरने निवड केली की धडधाकट माणसे आपसूक त्याच्या लाडक्या औषधाच्या वाट्याला येतात. तपासणाऱ्याला कुणाला काय दिले हे ठाऊक नव्हते ना? ठाऊक असले की डोळ्यांना हवे तेच दिसते. आणि जितकी माणसे सुरुवातीला घेतली तितक्यांचा शेवटी पत्ता लागतो ना? बहुतेक लेख इथेच गारद होत.

असा निवडक गठ्ठा हाताशी आल्यावर त्यांनी शब्दांची परीक्षा सुरू केली. कोणते शब्द भांडारात टाकले की नेमका हाच गठ्ठा वर येतो? काही शब्द इमानी निघाले, काही फितूर. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला 'नियंत्रण गट' म्हणतात, म्हणून 'नियंत्रण' हा शब्द टाकला तर तो चांगल्या अभ्यासांबरोबर डासांच्या नियंत्रणावरचे लेखही ओढून घेऊन आला. शब्द जोडत, तोडत, पुन्हा जोडत त्यांनी मला विणले. माझ्या दोन जाळ्या केल्या. घाईतल्या डॉक्टरसाठी बारीक जाळी, तिच्यातून मोजके आणि चोख तेवढेच येते. ज्याला काहीही निसटू द्यायचे नाही त्याच्यासाठी मोठी जाळी, तिच्यातून थोडा कचराही येतो.

काम संपले तेव्हा ताई म्हणाली, "झाली एकदाची." शंकाबाई म्हणाली, "झाली असं वाटतंय तरी."

मित्रांनो, मग माझे सुखाचे दिवस आले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर रांग लावून उभे राहत. एकदा लहान मुलांचे डॉक्टर एक चकचकीत माहितीपत्रक घेऊन आले. औषध कंपनीचा माणूस ते त्यांच्या टेबलावर ठेवून गेला होता. खोकल्याच्या एका नव्या औषधाची त्यात भरभरून स्तुती होती. शंकाबाईने ते नाव माझ्यातून सोडले. पडदा रिकामा. डॉक्टरांनी विचारले, "बंद पडली वाटतं ही?" शंकाबाई म्हणाली, "चालू आहे, डॉक्टर. काहीच नाही, हेच तिचं उत्तर आहे." डॉक्टरांनी ते पत्रक घडी करून खिशात घातले आणि पुन्हा ते कुठे दिसले नाही.

दुसऱ्या रुग्णालयांनी माझी नक्कल मागवली. रुग्णालयाच्या प्रमुखांनी भाषणात माझे नाव घेतले. त्यांनी मला कधी वापरले नव्हते ही गोष्ट वेगळी.

पण कौतुकाला वय असते. काही वर्षांनी भांडाराचे रूप पालटले. पडद्याच्या मधोमध एक लांबट चौकट आली. तिच्यात मनाला येईल ते लिहायचे आणि बटण दाबायचे, क्षणात उत्तरे हजर. मला 'अधिक पर्याय' नावाच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवले. चौकटीचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. ती वरती काय ठेवते, खाली काय ढकलते, आणि का, हे ती कुणालाच सांगत नसे. मी निदान माझे शब्द उघडे मांडून ठेवले होते. कुणीही यावे आणि मोजावेत. पण लोकांना ते कष्ट नको होते. एकामागून एक सगळे चौकटीकडे गेले. शंकाबाई तेवढी राहिली, आणि अडल्या वेळी ताई.

आता मुख्य गोष्ट सांगते.

ताईचे यजमान, म्हणजे शंकाबाईचे भावोजी, पाट्या रंगवणारे पेंटर होते. दुकाने, शाळा, दवाखाने, सगळ्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. छापील पाट्यांचा जमाना आला तरी लोक त्यांच्याकडे येत, कारण त्यांचे अक्षर भिंतीवर चढले की भिंत बोलू लागे. एकदा ते आमच्या ग्रंथालयातली 'शांतता राखा' ही पाटी नव्याने रंगवायला आले. शंकाबाईने काम पाहिले आणि तिची नजर शेवटच्या कान्यावर, म्हणजे 'खा'च्या कान्यावर अडली. ती उभी रेघ खाली येता येता थरथरली होती. तिने विचारले. भावोजी हसून म्हणाले की शिडी हलली असेल. शंकाबाईने खाली पाहिले. भावोजी जमिनीवर उभे होते.

घरी गेल्यावर तिने ताईला सांगितले. तपासण्या झाल्या. हाताच्या नसांचा एक क्वचित होणारा विकार निघाला. अंगठ्याच्या मुळाशी मांस हळूहळू सुकत होते. पकड कमी होत जाणार होती, आणि हमखास थांबवणारे औषध कुणाकडे नव्हते.

पुढचे काही आठवडे शंकाबाईला एक गोष्ट खटकत राहिली. ताई ग्रंथालयात येत होती, पण तिच्याकडे येत नव्हती. ती पार टोकाच्या संगणकावर बसायची आणि चौकटीत लिहायची. एकदा शंकाबाई मासिके लावण्याच्या निमित्ताने मागून गेली, तर ताईने पडदा किंचित वळवला. सख्ख्या बहिणीपासून लपवण्यासारखे ग्रंथालयात काय असते? शंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

मग भावोजींकडूनच कळले. ताईचा एक जुना वर्गमित्र होता. सदा हसतमुख, म्हणून कॉलेजपासून त्याला सगळे हसरा डॉक्टर म्हणत. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने फक्त हातांच्या आजारांचा दवाखाना काढला होता आणि तो या विकारावर मनगटात एक नवे इंजेक्शन देत होता. भावोजींची वेळही ठरली होती. ताईने शंकाबाईला सांगितले नव्हते, कारण ती काय म्हणेल हे ताईला पाठ होते.

शंकाबाईने त्या दुपारी मला कोपऱ्यातून बाहेर काढले. विकाराचे नाव टाकले, मोठी जाळी लावली. चौकटीने ताईला या इंजेक्शनवरचे ढीगभर लेख दिले होते. माझ्यातून तीन खाली आले. त्यांतला एक वाचल्यावर दुसऱ्याच आजाराचा निघाला. उरले दोन, आणि दोन्ही इंजेक्शनची तोंड भरून स्तुती करत होते.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. शंकाबाईने दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवले. मासिके वेगळी, मथळे वेगळे, लेखकांतली पहिली नावे वेगळी. पण दोन परकी माणसे इतकी एका सुरात बोलतात कशी? ती ओळ न् ओळ ताडून पाहू लागली. वयांची सरासरी सारखी. पकडीची मापे सारखी. आणि मग एका तक्त्यात तिला बेरीज चुकलेली दिसली. तिने दुसऱ्या लेखातला तक्ता पाहिला. तिथेही त्याच ओळीत तीच बेरीज तशीच चुकली होती.

दोन साक्षीदार नव्हतेच. एकच माणूस टोपी बदलून दोनदा साक्ष देऊन गेला होता. दोन्ही लेखांच्या लेखकांत शेवटचे नाव हसऱ्या डॉक्टरचे होते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय रिकामे असताना शंकाबाईने ताईला बोलावून हे दाखवले. ताईने पाहिले, आणि तिचा चेहरा आधी पडला, मग कठीण झाला. ती म्हणाली की एकच अभ्यास दोनदा छापला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्यांचे वाचक वेगळे असतील. शंकाबाईने दाखवून दिले की सुरुवातीला घेतलेल्या माणसांपैकी बरीच शेवटच्या मोजणीत नाहीत, आणि ती कुठे गेली याविषयी दोन्हीकडे अवाक्षर नाही. मग ताईचा तोल गेला.

"तुला संशयाची चटक लागली आहे," ती म्हणाली. "घर पेटलंय, आणि तू पाणी गाळून मागतेस."

"पाणीच आहे की रॉकेल, एवढंच बघते मी, ताई."

ताईने बोट माझ्याकडे केले.

"आणि ही? हिला कधी पुन्हा तपासलंस? आपण हिला बनवलं तेव्हाचे शब्द लोक आता वापरतात तरी का? तू सगळ्यांवर संशय घेतेस, हिच्यावर का नाही घेत?"

मित्रांनो, त्या वेळी मला वाटले की शंकाबाई माझी बाजू घेईल. तिने घेतली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, आणि तिच्या त्या बघण्याने मला घाम फुटला असता, मला अंग असते तर. कारण ताईचे बोलणे खोटे नव्हते. जन्मल्यापासून मला कुणी पुन्हा पारखलेच नव्हते. मी जगाला विचारत आले, तू खरा कशावरून? मला तो प्रश्न कुणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.

शंकाबाईच्या मनात त्याहून वाईट शंका होती. ती पुढे तिने भावोजींना बोलून दाखवली. आपण खरेच इंजेक्शनवर संशय घेतोय, की ताईने आपल्याला विचारले नाही याचा राग काढतोय?

तेवढ्यात भावोजी ताईला न्यायला आले. दोघींची तोंडे पाहून त्यांना सगळे कळले. त्यांनी खुर्ची ओढली, ती डाव्या हाताने ओढली हे दोघींनी पाहिले, आणि ते म्हणाले, "तुम्ही दोघी भांडताय तो हात माझा आहे. इंजेक्शन पुढे ढकला, माझी हरकत नाही. पण काय वाचायचं ते लवकर वाचा. हा तुमच्यासाठी थांबणार नाही."

मग त्या दोघींनी मला बाजूला ठेवले. भांडारातून या विकारावरचे आणि त्याच्या आसपासचे सगळे लेख, न गाळता, त्यांनी काढले, आणि कितीतरी वर्षांनी त्या पुन्हा वाचायला बसल्या, वेगवेगळ्या टेबलांवर. दोघींच्या केसांत आता पांढरे होते आणि ताईला चष्मा लागला होता. भावोजी संध्याकाळी येऊन शेजारी बसत. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी उचलत. तो कप ओठांपर्यंत जाईस्तोवर दोघींचेही वाचन थांबलेले असे, आणि दोघीही वाचत असल्यासारखे दाखवत.

मी पडून होते. वाचून झालेल्या लेखांचा ढीग वाढत होता आणि माझ्या विरुद्ध काही सापडत नव्हते. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटू लागले होते.

मग एका दुपारी ताईने एक लेख उलटा करून बाजूला ठेवला, थांबली, आणि पुन्हा सुलटा केला. हातांचे व्यायाम घेणाऱ्या उपचारकांच्या एका छोट्याशा मासिकातला तो लेख होता. मथळ्यात 'आधारपट्टी आणि रोजचा व्यायाम, वर्षभराचा अनुभव' असे काहीसे होते. 'अनुभव' हा शब्द पाहून ताईने तो आधी बाजूला सारला होता. मग तिने आत वाचले. त्या लोकांनी रुग्णांचे दोन गट पाडले होते. एकाला हेच इंजेक्शन, दुसऱ्याला आधारपट्टी आणि व्यायाम. कुणी कोणत्या गटात जायचे ते नाणे उडवून ठरवले होते. चिठ्ठी, यादृच्छिक, असा माझ्या ओळखीचा एकही शब्द त्यांनी कुठे वापरला नव्हता. साध्या माणसांनी साधेपणाने लिहिले होते, की आम्ही नाणे उडवले. म्हणून मी त्यांना दारातच अडवले होते.

ताई उठली आणि तो लेख बहिणीच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "हा तुझ्या गाळणीने वर अडवला होता." तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

शंकाबाई त्या लेखावर तुटून पडली. नाणे कुणी उडवले? दुसऱ्या खोलीत बसलेल्या कारकुनाने, त्याने रुग्ण पाहिलेही नव्हते. पकड कुणी मोजली? ज्याला गट ठाऊक नव्हता त्याने. मध्येच सोडून गेलेले? एकेकाचा हिशोब दिला होता, कोण आणि कशामुळे. तिने बेरजा करून पाहिल्या. खर्च कुणी केला ते पाहिले. बराच वेळ ती नुसती पाने पुढे-मागे करत राहिली. शेवटी ती म्हणाली, "मला यात काही सापडत नाही, ताई." तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले.

तो अभ्यास काय सांगत होता? वर्षाअखेर इंजेक्शनवाल्यांची पकड आणखी उतरली होती. त्यांतल्या काहींची बोटे आखडून गेली होती आणि त्यांनी उपचारच सोडला होता. पट्टी आणि व्यायामवाल्यांचे हात बरे झाले नव्हते, पण घसरण बऱ्याच अंशी थांबली होती. अभ्यास छोटा होता. फार मोठ्या आशा त्याच्या खुंटीला टांगता आल्या नसत्या. पण तो प्रामाणिक होता.

ताईने खुर्चीत बसून डोळे पुसले. मग तिने ग्रंथालयाच्या टेबलावरचा फोन ओढला आणि हसऱ्या डॉक्टरला लावला. शंकाबाई शेजारी उभी होती. ताईने इकडचे तिकडचे काही विचारले नाही. त्याच्या अभ्यासात सुरुवातीला होती आणि शेवटी नव्हती ती माणसे कुठे गेली, एवढेच तिने विचारले. पलीकडून हसल्याचा आवाज आला. त्याने सांगितले की लोक येतात-जातात, परगावी गेले असतील.

ताई म्हणाली, "सगळे?"

पलीकडे हसणे थांबले. मग तो म्हणाला की त्याच्याकडे रुग्ण थांबलेत, नंतर बोलू. तो फोन त्याने नंतर केलाच नाही.

ताईने फोन ठेवला आणि तशीच त्यावर हात ठेवून बसली. तिला तो माणूस कॉलेजपासून ठाऊक होता. शंकाबाईला वाटले, आता ताई म्हणेल की तुझे खरे होते. ताई म्हणाली, "मला तुला विचारायचंच नव्हतं. तू नाही म्हटलं असतंस, आणि मला हो ऐकायचं होतं." शंकाबाईने तिच्या शेजारी खुर्ची घेतली.

इंजेक्शन रद्द झाले. भावोजी त्या मासिकातल्या पद्धतीने हाताचा व्यायाम शिकले. रोज सकाळी ओली माती दाबायची, दोरीला गाठ मारायची आणि सोडायची, रात्रभर पट्टी बांधून निजायचे. कंटाळवाणे काम. ते म्हणत की एवढे श्रम रंगकाम शिकतानाही पडले नव्हते. गेलेले बळ परत आले नाही. बारीक अक्षरांची कामे आता ते घेत नाहीत, सरळ नाही म्हणतात. पण हात होता तिथे थांबला आहे. कप ते एका हाताने उचलतात आणि भिंतीवरच्या मोठ्या पाट्या अजून करतात. उद्या काय होईल हे कुणी छातीठोक सांगत नाही, आणि सांगितले तर शंकाबाई त्याला आधी खुर्चीत बसवून चार प्रश्न विचारते.

दोन्ही बहिणींनी त्या जुळ्या लेखांबद्दल दोन्ही मासिकांच्या संपादकांना कळवले. एकाने पोच दिली. दुसऱ्याने तीही दिली नाही. ते लेख भांडारात अजून आहेत, आणि चौकटीत त्या विकाराचे नाव टाकले की अजूनही वरती येतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तो आजार आला, तर हेच लेख तुमच्याकडे हसत हसत येतील.

माझे म्हणाल, तर मला उसवले. शंकाबाई आणि ताईने एकेक शब्द काढून उजेडात धरला. काही शब्द म्हातारे झाले होते, ते काढले. नाण्याचे, फाशांचे, साध्या माणसांच्या साध्या बोलीतले शब्द घातले. मग पुन्हा हाताने वाचलेल्या गठ्ठ्यावर माझी परीक्षा घेतली. मी पास झाले, पण पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत. शंकाबाईने ते गुण माझ्या नावाशेजारीच लिहून ठेवले आहेत, म्हणजे मला वापरणाऱ्याला आधीच कळावे की ही अधूनमधून चुकते. सुरुवातीला मला ते लागले. आता वाटते, असे गुण त्या चौकटीनेही कपाळावर लिहून ठेवावेत.

अलीकडे आमच्या संगणकात एक नवा पाहुणा आला आहे. त्याला काहीही विचारा, तो सफाईदार वाक्यांत उत्तर देतो. लेख शोधायला नको, वाचायला नको. तरुण डॉक्टर त्याच्यावर खूश आहेत. तो हुशार आहे, हे मी मान्य करते. पण 'मला काही सापडले नाही' असे म्हणताना मी त्याला अजून ऐकलेले नाही, आणि मी कान लावून बसले आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स होईल, आणि बाकीचे सगळे कधी ना कधी कुणाच्या तरी उशाशी बसून औषधाची वाट पाहतील. त्या वेळी जो सर्वात गोड बोलेल त्याला विचारा, तुला हे कुठे सापडले, आणि जे सापडले नाही त्याचे काय? ज्या माणसावर तुमचा जीव आहे त्याच्यासाठी हे विचारणे सर्वात अवघड जाईल, म्हणून त्याच्यासाठी तर नक्की विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्या गाळण्यांना कोपऱ्यात टाकू नका, पण देव्हाऱ्यातही बसवू नका. माझ्यावर विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. ते शब्द मला शोभत नाहीत. तुम्ही या, बसा, आणि माझी जाळी कुठे फाटली आहे ते पाहा. फाटलेली नक्की असेल.